आवारातील जुन्या झाडांची निगा: मातीपासून शेंड्यापर्यंत

पुण्यातील सहकारनगर, ठाण्यातील नौपाडा, मुंबईतील विलेपार्ले आणि मुलुंड, नाशिकचा गंगापूर रस्ता, नागपूरचे धरमपेठ अशा वस्त्यांमध्ये बंगल्यांच्या आणि जुन्या सोसायट्यांच्या आवारात आजही चाळीस, पन्नास, क्वचित ऐंशी वर्षांची झाडे उभी आहेत. घर बांधणाऱ्या पिढीने कोय रुजवून वाढवलेला आंबा, कुंपणालगतचा फणस, फाटकाजवळचा गुलमोहर आणि रस्त्यावर सावली धरणारा पर्जन्यवृक्ष यांच्याकडे आपले लक्ष बहुधा वर्षातून एकदाच जाते. मे महिन्याच्या अखेरीस पावसाळा तोंडावर येतो, सोसायटीच्या सभेत 'झाड पडले तर काय' हा विषय निघतो, कोयता आणि करवत घेऊन येणारा कोणीतरी शोधला जातो आणि दोन दिवसांत झाडाचा खांब करून टाकला जातो. झाड सुरक्षित झाले असे वाटून सगळे निश्चिंत होतात. खरे तर पुढच्या दहा वर्षांच्या धोक्याची पायाभरणी त्याच दिवशी झालेली असते.

जुने झाड वयामुळे क्वचितच मरते. बहुतेक वेळा ते आपण त्याच्या पायाशी केलेल्या कामांमुळे मरते, आणि तेही ती कामे झाल्यानंतर तीन, पाच किंवा दहा वर्षांनी. तोपर्यंत अंगणात पेव्हर ब्लॉक कोणी बसवले किंवा ड्रेनेजचा चर कोणत्या बाजूने गेला, हे कोणाच्याही लक्षात राहिलेले नसते आणि सगळा दोष कीड, वारा किंवा वय यांच्यावर जातो. म्हणून या लेखात निगेचा क्रम नेहमीच्या उलट ठेवला आहे: आधी झाडाची नोंद, मग माती आणि मुळे, मग तपासणी, आणि करवत अगदी शेवटी.

पहिली पायरी: झाडाची नोंदवही

जमिनीपासून सुमारे १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या पातळीवर, शिंप्याच्या टेपने खोडाचा घेर मोजावा. घेराला ३.१४ ने भागले की खोडाचा व्यास मिळतो. या व्यासाची बारा पट करावी. जे अंतर येईल तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ झाडाभोवती कल्पावे, कारण झाडाला उभे ठेवणाऱ्या आणि जगवणाऱ्या मुळांचा हा गाभा आहे. घेर १८८ सेंटीमीटर असेल तर व्यास सुमारे ६० सेंटीमीटर आणि संरक्षित वर्तुळाची त्रिज्या ७.२ मीटर होते. हा आकडा ऐकून बहुतेक घरमालक दचकतात, कारण एवढ्या अंतरात त्यांचे पार्किंग, पाण्याची टाकी आणि शेजाऱ्याची भिंतही येते. तरीही आकडा वहीत लिहून ठेवावा, कारण पुढे आवारात खोदकामाचा प्रस्ताव येईल तेव्हा बोलण्याला आधार त्याचाच असेल.

झाडाची जात, अंदाजे वय, कोणत्या बाजूला कल आहे, आधी कुठे तोड झाली आहे आणि आवारात पूर्वी कोणते खोदकाम झाले, हेही लिहावे. महापालिकांना दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याचे बंधन कायद्याने घातलेले आहे, त्यामुळे आपल्या झाडाला गणनेचा क्रमांक मिळालेला असण्याची शक्यता असते. तो उद्यान विभागाकडून मिळवून नोंदवहीत जोडावा. वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये, त्याच जागी उभे राहून छायाचित्र काढावे. झाडाचा ऱ्हास इतका संथ असतो की रोज पाहणाऱ्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण पाच वर्षांची छायाचित्रे शेजारी ठेवली की शेंड्याकडचा विरळपणा लगेच जाणवतो.

जातीची नोंद महत्त्वाची आहे, कारण प्रत्येक झाडाचा स्वभाव निराळा असतो. गुलमोहराची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ असते. सोनमोहर आणि स्पॅथोडिया यांच्या मोठ्या फांद्या वाऱ्यात मोडतात, जांभळाच्या फांदीवरही वजन टाकून चढणाऱ्याने विश्वास ठेवू नये. याउलट चिंच, कडुलिंब आणि वड ही झाडे दीर्घकाळ मजबूत राहतात आणि त्यांच्याबाबत व्यक्त होणारी भीती बहुतेक वेळा अनाठायी असते.

दुसरी पायरी: माती आणि मुळे

झाडाची मुळे त्याच्या उंचीइतकी खोल जातात, हा समज फार रूढ आहे. प्रत्यक्षात पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक बारीक मुळे वरच्या ३० ते ६० सेंटीमीटर मातीत असतात आणि ती फांद्यांच्या सावलीच्या कडेपलीकडेही दूरवर पसरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. चांगल्या मातीच्या घनफळात जवळजवळ निम्मी जागा कणांमधल्या पोकळ्यांची असते आणि त्या पोकळ्यांत हवा व पाणी आळीपाळीने राहतात. मोटार उभी राहू लागली, बांधकामाची वाळू आणि विटा तिथे रचल्या, रोलर फिरवून पेव्हर ब्लॉक बसवले की या पोकळ्या दाबल्या जातात. वरून झाड हिरवे दिसत राहते, कारण ते साठवलेल्या अन्नावर काही वर्षे तग धरते.

मातीच्या दाबाचे महत्त्व पटवणारी एक घटना लंडनच्या क्यू उद्यानातली आहे. तिथला टर्नर्स ओक हा १७९८ साली लावलेला वृक्ष काही वर्षांपासून खंगत चालला होता. ऑक्टोबर १९८७ च्या वादळाने तो मुळांच्या गड्ड्यासह उचलला आणि पुन्हा जागेवर बसवला. उद्यानात आधी पडलेल्या झाडांचीच कामे एवढी होती की याला टेकू देऊन नंतर तोडायचे ठरले. तीन वर्षांनी पाहतात तो झाडाला नवी जोमदार पालवी आलेली! अनेक दशके येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखाली घट्ट झालेली माती त्या हिसक्याने मोकळी झाली होती. तेव्हापासून क्यूमध्ये जुन्या झाडांची माती मोकळी करण्यावर विशेष भर दिला जातो. आपल्या आवारातील आंब्याला अशा वादळाची वाट पाहायला लावण्याचे कारण नाही.

प्रथम बुंध्याला भिडलेले काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक काढावेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करण्याचा आदेश दिला होता. तो किमान मर्यादा म्हणून चांगला आहे, पण खासगी आवारात जिथे जागा आपल्याच हातात आहे तिथे एक मीटरवर समाधान मानू नये. काँक्रीट फोडताना ब्रेकर यंत्र मुळांवर चालवू नये. छिन्नी-हातोड्याने तुकडे सुटे करून हाताने उचलावेत.

त्यानंतर बुंधा जमिनीला मिळतो तिथे पाहावे. निरोगी झाडाचा बुंधा खाली पसरत जातो आणि मोठ्या मुळांचे खांदे मातीच्या वर दिसतात. खोड विजेच्या खांबासारखे सरळ जमिनीत शिरत असेल तर तिथे भराव पडला आहे असे समजावे. बागेची पातळी उंच करताना, लाल माती आणून हिरवळ करताना किंवा बुंध्याभोवती शोभेचा चौथरा बांधून त्यात माती भरताना हे घडते. वडाला आणि पिंपळाला बांधलेल्या पाराचे उदाहरण इथे हमखास दिले जाते. पण वडाचा स्वभावच पारंब्यांनी नवी मुळे धरण्याचा आहे, आंब्याचा तो नाही. पुरलेली साल सतत ओली राहते, कुजते आणि बुरशीला वाट मिळते. हा भराव खुरप्याने व हाताने, दोन-तीन टप्प्यांत, मुळांचे खांदे उघडे होईपर्यंत काढावा. एखादे मूळ खोडाभोवती फेर धरून आवळत असेल तर तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय ते कापू नये.

दाबली गेलेली माती मोकळी करण्याची घरच्या घरी जमणारी पद्धत म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारखे चर. खोडापासून दोन ते तीन मीटर सोडून सावलीच्या कडेपर्यंत सहा-आठ चर आखावेत, प्रत्येक साधारण ३० सेंटीमीटर खोल आणि एक वीत रुंद. ते काटेकोरपणे हाताने खोदावेत, अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागले तर ते न तोडता त्याच्या खालून माती काढावी, आणि चर चांगले कुजलेले कंपोस्ट व मूळची माती यांनी भरून टाकावेत. आरे नेहमी खोडापासून बाहेरच्या दिशेने जातात, त्यामुळे मुळांना समांतर राहतात आणि कमी मुळे तुटतात. गोल आळे खोदताना मात्र प्रत्येक मूळ आडवे कापले जाते, म्हणून जुन्या झाडाभोवती खोल गोल आळे खोदू नये. दाबलेल्या हवेच्या झोताने मुळांना धक्का न लावता माती उडवणारे यंत्रही असते, ज्याच्याकडे ते आहे असा व्यावसायिक मिळाल्यास उत्तमच. हे काम पहिल्या पावसानंतर, माती ओलसर असताना पण चिखल झालेला नसताना करावे.

उघड्या केलेल्या मातीवर पाच ते दहा सेंटीमीटर पालापाचोळ्याचे आच्छादन पसरावे आणि ते खोडापासून एक वीतभर दूर ठेवावे. झाडाचीच पाने झाडाखाली राहू देणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक खत आहे. आपण मात्र ती रोज झाडून जाळतो आणि नंतर पोती विकत आणतो, ही गोष्ट मला मनापासून खटकते. पाणी द्यायचे ते बुंध्याशी नव्हे, तर सावलीच्या कडेच्या आतबाहेर, संथपणे. एप्रिल-मेमध्ये दोन-तीन आठवड्यांतून एकदा, पण खोलवर मुरेल असे. पाणी दिल्यानंतर लोखंडी सळई मातीत खुपसून पाहावी, ती ३० सेंटीमीटरपर्यंत सहज गेली तर पाणी पुरेसे मुरले. रोज शिंपडलेले पाणी हिरवळीपुरतेच असते. हिरवळीसाठी वापरलेले तणनाशक झाडाच्या मुळांपर्यंत पोहोचते, हेही ध्यानात ठेवावे.

आवारात नवी ड्रेनेज किंवा केबलची वाहिनी टाकायची असेल तर नोंदवहीतले वर्तुळ काढून ठेकेदाराला दाखवावे. वाहिनी वर्तुळाबाहेरून वळवावी, ते अशक्य असेल तर मुळांच्या खालून आडवे छिद्र पाडून न्यावी. जेसीबीच्या दातऱ्याने मूळ कापले जात नाही, ते ओढले जाते आणि आतपर्यंत चिरते. खोडाच्या अगदी जवळून एका बाजूने गेलेला चर त्या बाजूचा आधारच काढून घेतो, आणि पुढच्या वादळात झाड नेमके उलट दिशेला कोसळते.

तिसरी पायरी: जमिनीवरून तपासणी

ही तपासणी घरमालकाने स्वतः वर्षातून दोनदा आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर करावी. सुरुवात दुरून करावी. शेंड्याकडची पाने विरळ किंवा आखूड झाली आहेत का, टोकाच्या डहाळ्या वाळल्या आहेत का, हे पाहावे. शेंडा वाळणे हे बहुतेक वेळा मुळांच्या दुखण्याचे लक्षण असते, म्हणून वाळलेला शेंडा कापून समाधान मानण्याऐवजी खाली मातीकडे वळावे. मग कल पाहावा. लहानपणापासून प्रकाशाकडे झुकलेले झाड वर्षानुवर्षे तसेच उभे राहते. नव्याने आलेला कल मात्र तातडीचा असतो. कलाच्या विरुद्ध बाजूला जमीन उचलली गेली असेल किंवा तिला तडे गेले असतील, तर त्या झाडाखालची वर्दळ लगेच थांबवावी, मोटारी हलवाव्यात आणि अग्निशामक दलाला १०१ वर कळवावे.

जवळ गेल्यावर दोन जाड फांद्यांचा सांधा पाहावा. तो इंग्रजी यू अक्षरासारखा उघडा असेल तर सहसा मजबूत असतो. चिंचोळा असेल आणि दोन्ही फांद्यांच्या मध्ये साल दबली गेली असेल तर तिथे लाकूड एकजीव झालेले नसते आणि सांधा उभा चिरण्याची शक्यता असते. खोडावर नायलॉनच्या किंवा लाकडी हातोड्याने ठोकत फेरी मारावी, आवाज भरीव येतो की ढब्ब, हे कान लवकरच ओळखू लागतात. गुंडाळलेल्या तारा, झोक्याचे दोर, दिव्यांच्या माळा आणि पाट्यांचे खिळे दिसतील ते नोंदवावेत. पुण्यात स्वयंसेवकांनी खिळेमुक्त झाडांची मोहीम चालवली, तसे काम प्रत्येक सोसायटीला एका रविवारी करता येते. मात्र सालीत पूर्ण गिळला गेलेला खिळा उकरून काढण्यासाठी नवी जखम करू नये.

बुंध्याशी किंवा मुळांच्या खांद्यावर कठीण, तपकिरी, फळीसारखी बुरशी उगवली असेल तर ती गॅनोडर्मा असण्याची दाट शक्यता असते. गुलमोहरावर ती विशेष आढळते. ही बुरशी म्हणजे आत वर्षानुवर्षे चाललेल्या कुजण्याचे फळ, त्यामुळे ती खरवडून काढल्याने काहीही साध्य होत नाही. छायाचित्र काढून तज्ज्ञाला दाखवावे. कोकणात फणसाच्या खोडावर येणारी फणसांबा ही बुरशी सहाणेवर उगाळून औषध म्हणून वापरण्याची परंपरा आहे. घरात तिचे मोल असले तरी झाडाच्या दृष्टीने ती आतले लाकूड कुजत असल्याची सूचनाच असते.

ढोली दिसली म्हणजे झाड संपले, असे मुळीच नाही. झाडाचे जिवंत भाग सालीलगत असतात आणि पोकळ नळीही पुष्कळ भार पेलते. झाडांच्या मजबुतीचे जर्मन अभ्यासक क्लाउस मॅथेक यांनी मांडलेल्या ठोकताळ्यानुसार भरीव भिंतीची जाडी त्या जागच्या त्रिज्येच्या सुमारे एक तृतीयांश राहीपर्यंत पोकळ खोड सहसा टिकते. हा नियम घराघरात लावण्यासाठी नाही, कारण ढोलीला बाजूने तोंड असेल, झाड उंच व डेरेदार असेल किंवा मुळेही कुजलेली असतील तर हिशेब बदलतो. पण 'पोकळ आहे, तोडा' म्हणणाऱ्याला भिंतीची जाडी विचारण्याचा हक्क आपल्याला त्यातून मिळतो. तज्ज्ञांकडे ध्वनिलहरींनी किंवा बारीक सुईसारख्या ड्रिलने ही जाडी मोजण्याची साधने असतात. ढोलीत सिमेंट भरू नये. सिमेंट झाडाबरोबर डोलत नाही, फटीतून पाणी आत साचते आणि कुजणे झाकले जाते. तळाशी छिद्र पाडून पाणी काढून देण्याचा उपायही करू नये, त्याने झाडाने स्वतः उभारलेली आतली भिंत फुटते.

चौथी पायरी: माणूस निवडणे आणि परवानगी घेणे

झाड कापणारा आणि झाड जाणणारा हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. भारतात आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संस्थेचे प्रमाणपत्र असलेले आर्बोरिस्ट, म्हणजे वृक्षनिगा तज्ज्ञ, मोजकेच आहेत, पण मुंबई-पुण्यात ते मिळतात. ते शक्य नसेल तर वनस्पतिशास्त्राचे किंवा उद्यानविद्येचे जाणकार गाठावेत. काम देण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. कोणती फांदी, का आणि कुठे कापणार, हे लेखी देणार का? चढणाऱ्याला कमरपट्टा, हेल्मेट आणि दुसरा सुरक्षा दोर असतो का? कामगारांचा अपघात विमा आहे का? जिवंत झाडावर चढताना बुटांना लोखंडी काटे लावणार का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' आले तर दुसरा माणूस शोधावा. 'अर्धे झाड उतरवू, लाकूड आम्ही नेऊ, पैसे कमी घेऊ' हा प्रस्ताव सर्वांत महाग पडतो, कारण त्यात झाड किती कापायचे हे लाकडाच्या भावावर ठरते. माझ्या परिचयाच्या एका आवारात असाच सौदा झाला होता. पर्जन्यवृक्षाच्या उरलेल्या खुंटांवर दोन पावसाळ्यांत झुडपासारखे कोंब वाढले आणि चौथ्या पावसाळ्यात तेच कोंब एकामागून एक मोटारींवर पडू लागले.

महाराष्ट्रातील नागरी भागात १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. झाड आपल्या मालकीच्या जागेत असले तरी ते तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि 'तोडणे' या शब्दात झाड जाळणे किंवा त्याला इजा पोहोचवणेही येते. छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करूनच पुढे जावे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानले जाते, म्हणून नोंदवहीतल्या वयाला कायदेशीर वजनही आहे. नागरी हद्दीबाहेर १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागू होतो आणि त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह अशी झाडे आहेत. गोव्यात १९८४ चा स्वतंत्र कायदा आहे. परवानगीला वेळ लागतो, म्हणून अर्ज मे महिन्यात नव्हे, तर जानेवारी-फेब्रुवारीत करावा. फांद्या वीजवाहिनीजवळ असतील तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय कोणालाही झाडावर चढू देऊ नये.

पाचवी पायरी: छाटणी

झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. अमेरिकेच्या वन सेवेतील शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून पाहिली आणि दाखवून दिले की झाड जखमी लाकूड दुरुस्त करत नाही, तर त्याभोवती रासायनिक भिंती उभारून कुजणे आतच कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. छाटणीचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. जखम जितकी लहान आणि जितकी योग्य जागी, तितकी भिंत लवकर उभी राहते.

फांदी खोडातून फुटते तिथे एक फुगीर कडे दिसते, काही झाडांत ते ठळक असते तर काहींत बोटांनी चाचपूनच कळते. सांध्याच्या वरच्या बाजूला सालीची सुरकुतलेली उभी रेघही असते. भिंत उभारण्याची सामग्री याच कड्यात असते. कापायचे ते कड्याला लागून, पण कड्याच्या बाहेर. खोडाला सपाट घासून कापले तर कडेच निघून जाते आणि जखम कित्येक पटींनी मोठी होते. उलट हातभर खुंट ठेवला तर तो कुजत कुजत कुजणे खोडात घेऊन जातो.

मनगटाहून जाड फांदी तीन कापांत उतरवावी. पहिला काप खोडापासून ३० ते ४५ सेंटीमीटरवर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या चतुर्थांश ते एक तृतीयांश खोल. दुसरा काप त्याच्या किंचित पुढे, वरून, जेणेकरून फांदी मोडून पडेल तेव्हा खालची साल खोडापर्यंत सोलली जाणार नाही. फांदी भारी असेल किंवा खाली छत असेल तर दुसऱ्या कापाआधी ती दोराने वरच्या फांदीवरून बांधून हळूहळू उतरवावी. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने कड्याबाहेर स्वच्छ कापावा. यासाठी करवत धारदार हवी, कोयत्याचे घाव जखम फाडतात.

कापलेल्या जागेवर डांबर किंवा ऑइल पेंट लावू नये, त्याने कुजणे थांबत नाही आणि ओलावा मात्र कोंडतो. आंब्यावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावण्याची पद्धत आपल्याकडे बागायतदारांत आहे. दमट हवेत ती लावण्यास हरकत नाही, पण चुकीचा काप तिने बरोबर होत नाही.

किती कापावे? तरुण झाडाची एका वेळी एक चतुर्थांशापर्यंत पाने काढली तरी ते सावरते. जुन्या झाडाच्या बाबतीत दहा-पंधरा टक्क्यांवर थांबावे. आधी वाळलेल्या, मोडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, आणि बहुतेक वेळा एवढेच पुरते. फांदी छतावर येत असेल तर ती टोकाकडून आखूड करावी आणि जिथे कापतो तिथे कापलेल्या फांदीच्या किमान एक तृतीयांश जाडीची उपफांदी राहील असे पाहावे, म्हणजे रस तिच्याकडे वळतो. शेंडा उडवणे ही छाटणी नव्हे. झाड उपाशी पडते, मोठे उघडे खुंट कुजतात, आणि सालीलगतच्या सुप्त कळ्यांमधून फुटलेले कोंब उंच वाढूनही वरवरच चिकटलेले असतात. आतल्या सर्व लहान फांद्या साफ करून फक्त टोकाला पाने ठेवणेही तितकेच वाईट, त्यामुळे वाऱ्याचा सगळा जोर फांदीच्या टोकावर येतो.

वेळेच्या बाबतीत धोकादायक आणि वाळलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी काढाव्यात, बाकीची छाटणी मुसळधार पावसाचे महिने टाळून करावी आणि आंब्याची फळे उतरल्याशिवाय त्याला हात लावू नये. चढण्यापूर्वी दुर्बिणीने घरटी पाहावीत. कावळे उन्हाळ्याच्या अखेरीस घरटी बांधतात आणि बगळ्यांच्या वसाहती पावसाळ्यात भरतात, तेव्हा पिल्ले उडेपर्यंत काम पुढे ढकलावे.

कीड, बांडगूळ आणि नारळ

आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा आणि डिंकासारखा स्राव दिसला तर खोडकिडा, म्हणजे भिरूड, आत शिरलेला असतो. छिद्र साफ करून तारेच्या आकड्याने अळी बाहेर काढावी आणि औषध कोणते व किती, हे कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीनुसार ठरवून छिद्र ओल्या मातीने बंद करावे. उशीर झाला तर मोठी फांदी, कधी संपूर्ण झाड जाते. सालीवर मातीचे थर चढवणारी वाळवी पाहून मात्र लगेच विष ओतू नये, ती बहुतेक वेळा मेलेली सालच खात असते.

बांडगुळाची फळे फुलटोच्या पक्षी खातो आणि चिकट बिया दुसऱ्या फांदीवर पुसतो. ते नुसते ओरबाडले तर पुन्हा फुटते, म्हणून चिकटलेल्या जागेच्या हातभर खालून फांदीच काढावी. बांडगूळ मुख्य खोडावर असेल तर खोड न कापता त्याची पालवी वरचेवर खुडत राहावे. मुंबईत मागील दशकात पिठ्या ढेकणांनी ग्रासलेले पर्जन्यवृक्ष मोठ्या संख्येने वाळले. तेव्हा मुळांभोवतीचे काँक्रीट हेही चर्चेत होते, आणि मला ते स्वाभाविक वाटते, कारण उपाशी झाड किडीला आधी बळी पडते.

नारळाची गोष्ट निराळी आहे. त्याला वाढीचा एकच कोंब असतो, तो गेला की झाड गेले. गेंड्या भुंगा शेणखताच्या उकिरड्यात वाढतो, म्हणून खताचा खड्डा नारळाजवळ ठेवू नये. सोंड्या भुंगा जखमेतून शिरतो, म्हणून हिरव्या झावळ्या तोडू नयेत आणि चढण्यासाठी खोडावर खाचा पाडू नयेत. वाळलेल्या झावळ्या आणि तयार नारळ मात्र पावसाळ्यापूर्वी उतरवून घ्यावेत.

वादळानंतर आणि शेवटी तोडावेच लागले तर

३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते ही चक्रीवादळे कोकण आणि मुंबई परिसरातील लोकांना आठवत असतील. अशा वादळानंतर पहिल्या दोन दिवसांत घाबरून केलेली तोड सर्वांत अविचारी असते. लोंबकळणाऱ्या फांद्या आधी काढाव्यात, मोडलेल्या फांद्यांचे फाटके खुंट कड्यापर्यंत स्वच्छ कापावेत आणि बाकीचा निर्णय महिनाभर पुढे ढकलावा. चिरलेल्या सांध्याला पोलादी दोराने वर आधार देता येतो, पण ते काम जाणकाराचे आहे. फांदीभोवती लोखंडी तार गुंडाळणे म्हणजे तिला सावकाश फास लावणे.

काही झाडे खरोखरच काढावी लागतात. मुळे कुजलेली, कल वाढत चाललेला आणि खाली मुलांची खेळण्याची जागा असेल तर तिथे हळवेपणा कामाचा नाही. तज्ज्ञाचा लेखी अहवाल, छायाचित्रे आणि नोंदवही अर्जाला जोडली की परवानगीचे काम सोपे होते. त्या वेळीही एक पर्याय प्राधिकरणासमोर जरूर मांडावा: फांद्या पूर्ण उतरवून दोन-अडीच मीटरचे खोड, ते स्वतः स्थिर असेल तर, जागेवर उभे ठेवणे. तांबट पक्षी मऊ झालेल्या लाकडात घर कोरतो आणि पिंगळ्याला जुन्या ढोल्या लागतात. गॅनोडर्माने गेलेल्या झाडाच्या जागी मात्र तीच जात लगेच लावू नये. जुनी मुळे जमतील तेवढी काढावीत आणि नवे रोप तिथून काही मीटर दूर, काँक्रीटपासून मोकळ्या जागी, बुंध्याचे खांदे मातीच्या वर राहतील असे लावून त्याचा पहिला घेर नोंदवहीच्या नव्या पानावर लिहावा.